रिकाम्या गाडीचा पाटा का तुटतो? बंडीच्या आखापासून ट्रॅक्शन बारपर्यंत

१/
ओझ्याने कमान मोडते, हे कोणालाही पटते. परंतु पाठीवर एक पोतेही नसलेली गाडी पावसाळ्यात काळ्या मातीत रुतते, चालक पहिल्या गिअरमध्ये जोर लावतो, मागची चाके एकदा घसरतात, एकदा पकडतात, गाडीचा मागचा भाग हिसके देऊ लागतो आणि त्या धडपडीत कमानीचा मुख्य पाटा तडकतो. ओझे तर नव्हते. मग पाटा कशाने तुटला?

यंत्रशास्त्राच्या पुस्तकात याचे उत्तर दोन ओळींत मिळते. त्या दोन ओळींमागचा इतिहास मात्र दोनशे वर्षांचा आहे, आणि यवतमाळ जिल्ह्यात तो जवळजवळ सलग पाहता येतो: तांड्याचा बैल, कापसाची बंडी, शकुंतला, युद्धानंतरची जीप, ट्रक, ट्रॅक्टर आणि आता हौसेने उंच केलेल्या गाड्या.

२/
प्रथम भूमी. आजचा यवतमाळ जिल्हा ब्रिटिश काळात दीर्घकाळ वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ च्या फेररचनेत त्याला यवतमाळ हे नाव मिळाले आणि मोडलेल्या वाशीम जिल्ह्यातील पुसद तालुका त्याला जोडला गेला. उत्तरेस व पूर्वेस वर्धा नदी, दक्षिणेस पैनगंगा, मधून अडाण, अरुणावती, बेंबळा. नद्यांच्या खोऱ्यांत कापसाची काळी माती. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि लोण्यासारखी निसरडी होते. वाळली की आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पिकाला ती जितकी उदार, चाकाला तितकीच कृपण. या जिल्ह्याच्या वाहतुकीचा सारा इतिहास म्हणजे या मातीशी केलेल्या तडजोडींचा इतिहास आहे.

३/
पहिली तडजोड सर्वांत शहाणपणाची होती: चाकच नको.

रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून जाई. दोन्ही बाजूंना गोणी, मध्ये बैल, आणि अशा शेकडो बैलांची लदणी. गंगाकाठचे मिर्झापूर ही त्या कापसाची मोठी पेठ होती. पुढे १८२० च्या दशकात विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी या पारशी बंधूंनी वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या दिशेने वळवण्यास आरंभ केला. पाठीवरच्या बैलाला रस्ता लागत नाही, पूल लागत नाही. आख नाही, म्हणून तो मोडण्याची भीतीही नाही. मात्र एका बैलाच्या पाठीवर मावेल तेवढेच ओझे, आणि कापूस तर जागा फार व्यापणारा. पुसद, दिग्रस, महागाव या भागांतील तांडे आजही त्या व्यापाराची आठवण नावात बाळगून आहेत. राज्याचे मुख्यमंत्री झालेले वसंतराव नाईक पुसदजवळच्या गहुलीचे, याच समाजातले.

४/
दुसरी तडजोड म्हणजे बंडी. विदर्भात मालाच्या बैलगाडीला हाच शब्द.

बंडीची रचना नीट पाहिली पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली तिच्यात आहे. बंडीचा आख फिरत नाही. तो गाडीच्या सांगाड्याला घट्ट बांधलेला असतो. फिरतात ती चाके. लाकडी तुंबा आखाच्या टोकावर फिरतो, तुंब्यातून आरे निघतात, वर लोखंडी धाव चढवलेली असते. आख आणि तुंबा एकमेकांना घासू नयेत म्हणून ओंगण घालायचे. बैल जू ओढतात, जुवाला जोडलेली धुरी गाडी ओढते, गाडी आखाला ओढते आणि आख चाकांना पुढे ढकलतो. जमिनीशी होणाऱ्या घर्षणाने चाक फिरते.

म्हणजे चाकाला कोणी फिरवत नाही. ते ओढले जाते, म्हणून फिरते. आखावर वरून ओझे येते आणि मागून-पुढून ओढ येते. पण त्याला पीळ घालणारी शक्ती जवळजवळ नसतेच. म्हणून बंडीचा आख मोडला तर तो ओझ्याने किंवा खड्ड्याच्या दणक्याने मोडतो, आणि गावच्या सुताराला त्याचे कारण डोळ्यांनी दिसते.

५/
१८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या कापसाला अकस्मात सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपूरला पोहोचली. हा लोहमार्ग यवतमाळच्या उत्तरेकडून गेला; जिल्ह्याच्या मध्यभागाला त्याचा स्पर्श झाला नाही. म्हणून यवतमाळचा कापूस बंड्यांत भरून धामणगावच्या स्टेशनाकडे जाऊ लागला. बंड्यांच्या रांगा, वाटेत बैल सोडण्याचे मुक्काम, स्टेशनाभोवती जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, हे चित्र त्या काळातले.

६/
विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर ते यवतमाळ हा अरुंद मापाचा, म्हणजे दोन फूट सहा इंच रुंदीचा, लोहमार्ग आला. हीच पुढे ‘शकुंतला’ म्हणून लोकप्रिय झालेली गाडी. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बांधलेले वाफेचे इंजिन तिने १९९४ पर्यंत वापरले, ही गोष्ट इतिहासप्रेमींमध्ये बरीच सांगितली जाते. त्या इंजिनाच्या चाकांकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

येथे पहिल्यांदा ओढल्या जाणाऱ्या चाकाऐवजी फिरवले जाणारे चाक आले. वाफेचा दाब दट्ट्याला ढकलतो, दट्ट्याचा दांडा चाकाला फिरवतो, आणि चाक रुळाला मागे रेटून गाडीला पुढे नेते. चाकाला फिरवायचे तर कशाचा तरी आधार घेऊन फिरवावे लागते, आणि त्या आधारावर तेवढाच उलटा जोर येतो. इंजिन बांधणाऱ्यांनी हा आधार भक्कम ठेवला. अ‍ॅक्सलच्या बेअरिंगच्या पेट्या इंजिनाच्या जाड पोलादी चौकटीतील उभ्या खाचांत बसवलेल्या असतात. त्या वर-खाली सरकू शकतात; पुढे-मागे जाण्यास किंवा गोल फिरण्यास त्यांना मुभा नाही. दणके झेलण्यासाठी तेथेही पाट्यांची कमान असते, परंतु तिच्याकडे एकच काम सोपवलेले: वजन पेलणे. उलटा जोर चौकट पाहून घेते.

कामांची ही वाटणी लक्षात ठेवावी. मोटारगाडीने ती मोडली, आणि रिकाम्या गाडीचा पाटा तेव्हापासून तुटू लागला.

७/
आता कमानीविषयी. एकावर एक ठेवलेल्या, खाली लहान होत जाणाऱ्या पोलादी पाट्यांची कमान युरोपात घोड्यांच्या बग्ग्यांसाठी विकसित झाली. १८०४ साली लंडनच्या ओबडाया एलियट याने लंबवर्तुळाकार कमानीचे पेटंट घेतले आणि बग्गीची रचनाच हलकी झाली. सर्वांत वरचा, सर्वांत लांब तो मुख्य पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना गोल डोळे. एक डोळा चासिसला खिळीने बांधलेला, दुसरा शॅकल नावाच्या झुलत्या दुव्याला, कारण कमान दबली की सरळ होते, लांबते, आणि त्या वाढीव लांबीला जागा हवी. मध्यभागी यू-बोल्टांनी अ‍ॅक्सल आवळलेला.

बग्गी ही शेवटी ओढलीच जाते. बंडी बैल ओढतात, बग्गी घोडे. आखाच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच. कमान जन्मली ती अशा वाहनासाठी, ज्याच्या आखाला पीळ नसतो. तिच्या जन्मपत्रिकेत हे दुसरे काम नव्हतेच.

८/
मग इंजिन गाडीत बसले.

पुढे इंजिन, तेथून मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट, मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यावरील गोळ्यात क्राउन आणि पिनियन. पिनियन क्राउनला फिरवतो, क्राउन चाकांना. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे, चाके जितक्या जोराने पुढे फिरवली जातात, तितक्याच जोराने अ‍ॅक्सलचे कवच मागे फिरू पाहते. पिनियनचे तोंड वर उचलले जाते. या कवचाला धरून ठेवणारे दुसरे काहीच नसेल, तर ते धरणार कोण? यू-बोल्टांनी आवळलेली बिचारी कमान.

कमानीचा पुढचा अर्धा भाग वर उचलला जातो, मागचा खाली दाबला जातो. सरळ पाट्याला लोळणाऱ्या सापासारखा बाक येतो. यालाच अ‍ॅक्सल रॅप म्हणतात. मराठीत आखाचा पीळ म्हणावे. पीळ एका मर्यादेपर्यंत चढतो. चाक घसरले की जमिनीचा विरोध एकदम संपतो, कमान झटक्याने मूळ आकारात येते, त्या झटक्याने चाक पुन्हा पकडते, पुन्हा पीळ चढतो. सेकंदात अनेकदा. गाडी मागून उड्या मारते ती यामुळे. या प्रत्येक उडीत प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचा कोन बदलतो, पिनियनवर घाव बसतो आणि मुख्य पाटा एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला वाकतो. तार पुन्हा पुन्हा वाकवून तोडावी, तसा तो तुटतो. ओझ्याचा येथे संबंध नाही. उलट रिकामी गाडी अधिक सहज घसरते, म्हणून अधिक उड्या मारते.

९/
विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात यावर दोन पंथ निर्माण झाले.

पहिला पंथ हेन्री फोर्डचा. १९०८ च्या मॉडेल टी मध्ये कमान आडवी होती आणि तिच्यावर फक्त वजन होते. प्रोपेलर शाफ्ट एका मजबूत नळीत बंद केलेला. त्या नळीचे मागचे टोक अ‍ॅक्सलला पक्के, पुढचे टोक गिअरबॉक्सपाशी एका गोल सांध्यात. अ‍ॅक्सलला फिरायचे झाल्यास ही सबंध लांब नळी उचलावी लागे, आणि ते शक्य नव्हते. शिवाय अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांपासून नळीच्या पुढच्या भागापर्यंत तिरपे दांडे. वजन कमानीकडे, पीळ नळी-दांड्यांकडे: रेल्वे इंजिनातील वाटणी फोर्डने वेगळ्या साधनांनी राखली होती.

दुसऱ्या पंथाला हॉचकिसचे नाव मिळाले. बेंजामिन हॉचकिस हा मूळचा अमेरिकन शस्त्रनिर्माता फ्रान्समध्ये स्थिरावला. त्याच्या मृत्यूनंतर, १९०३ पासून, त्याची कंपनी मोटारी बनवू लागली. त्या पद्धतीत नळी नाही, दांडे नाहीत. लांबीच्या दिशेने बसवलेल्या दोन कमानी वजन पेलतात, अ‍ॅक्सलला जागेवर ठेवतात, चाकांचा रेटा गाडीला पोहोचवतात आणि पीळही सोसतात. चार नोकर ठेवण्याऐवजी एकाच गड्याकडून चारही कामे. भाग कमी, वजन कमी, खर्च कमी, दुरुस्ती सोपी. जगभरच्या ट्रकनिर्मात्यांनी बहुतांशी हाच मार्ग स्वीकारला, यात नवल नाही. इंजिन दुबळे आणि कमान जाड असेपर्यंत तो निभावूनही गेला.

१०/
१९४१ मध्ये अमेरिकी सैन्यासाठी विलीज एमबी ही जीप आली. चारही चाके इंजिनाने फिरणारी, हॉचकिस पद्धतीची, आणि कमानी मुद्दाम बारीक ठेवलेल्या. आता पीळ पुढच्या अ‍ॅक्सललाही. तिच्या डाव्या पुढच्या कमानीखाली एक आखूड जादा पाट्यांचा जोड होता. वजनासाठी तो नव्हता. केवळ पीळ आवरण्यासाठी होता, आणि लष्करी पुस्तिकांत त्याचे नावही तसेच होते: टॉर्क रिअ‍ॅक्शन स्प्रिंग. हॉचकिस पद्धतीच्या मर्यादेची ही जवळजवळ कबुलीच होय.

युद्ध संपले आणि लष्कराची शिल्लक वाहने नागरी बाजारात आली. ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द मराठीत तेव्हा रुळला. १९४७ पासून महिंद्रा कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी हाती घेतली. त्याच सुमारास वालचंद हिराचंद यांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डॉज आणि फार्गो जातीचे ट्रक निघू लागले. १९५४ मध्ये टेल्कोने डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला मर्सिडीज ट्रक बांधण्यास प्रारंभ केला. गंमत अशी की १९५० च्या दशकात फ्रान्सच्या लष्करासाठी परवान्याने जीप बांधणारी कंपनी कोणती, तर हॉचकिस. ज्याच्या नावाची पद्धत, त्याच्याच अंगणात ती परत आली.

११/
यवतमाळ, वणी, पुसद, दिग्रस या गावांत ट्रक आले ते कापूस, सागवान आणि वणी भागातील कोळसा यांच्यामागे. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग पांढरकवड्यावरून पैनगंगा ओलांडतो. त्याच्या कडेला कमान-पाट्यांच्या मिस्त्र्यांची दुकाने उभी राहिली. पाटे तापवून ठोकणे, बाक देणे, मधला बोल्ट बदलणे, नवे बुश घालणे हा स्वतंत्र धंदाच झाला. १९७२ मध्ये महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाल्यावर संकलन केंद्रांबाहेर बंड्या आणि ट्रक एकाच रांगेत उभे राहू लागले. दोनशे वर्षांचा वाहतुकीचा इतिहास एका फाटकापाशी.

कमान बसली, पाटा तुटला, की मिस्त्रीचा उपाय ठरलेला: एक पाटा वाढवणे. तो अज्ञानाचा उपाय नव्हे. पाटे वाढले की कमान ताठ होते, वजनही पेलते आणि पीळही कमी घेते. कापसाने किंवा कोळशाने भरलेल्या ट्रकला ते मानवते. पण रिकाम्या परतीच्या प्रवासात तीच कमान दगडासारखी होते. खड्ड्याचा दणका चासिसला आणि चालकाच्या कंबरेला. एकाच गड्याकडून चार कामे करून घेण्याची किंमत अशी कोणाच्या तरी अंगावर निघतेच.

१२/
येथे ट्रॅक्टरचा उल्लेख अटळ आहे, जरी त्याला मागे कमान नसते.

ट्रॅक्टरचा मागचा अ‍ॅक्सल आणि गिअरबॉक्स मिळूनच त्याचे शरीर बनते. कमान नाही, तर पीळ कोठे जातो? थेट शरीरात. चिखलात रुतलेली मागची चाके फिरेनाशी झाली आणि चालकाने क्लच झटक्यात सोडला, तर फिरायला उरतो तो ट्रॅक्टरच: त्याचे तोंड वर उचलले जाते. जड ट्रॉली उंच ठिकाणी जोडलेली असेल तर तो क्षणात मागे उलटू शकतो. पांधणीच्या चिखलात मागच्या चाकांखाली लाकडे खुपसून जोर लावणे यासाठीच जिवावर बेतणारे असते. चाक जखडले की उलट्या जोराला दुसरी वाट राहत नाही. ट्रकचा पाटा तोडणारा आणि ट्रॅक्टर उलटवणारा जोर एकच आहे. एका ठिकाणी तो पोलाद मोडतो, दुसऱ्या ठिकाणी माणूस.

१३/
आता काही काळ अमेरिकेत, कारण ज्या दांड्याची ही कथा आहे त्याचा स्वतंत्र जन्म तेथे झाला.

फोर्ड कंपनीने आडवी कमान आणि बंद नळी १९४८ च्या मोटारींपर्यंत टिकवली. १९४९ च्या नव्या मोटारीत ती सोडून हॉचकिस पद्धत घेतली. शेवरलेने आपली नळी १९५५ मध्ये सोडली, आणि नेमके त्याच वर्षी आपले गाजलेले नवे व्ही-आठ इंजिन आणले. म्हणजे आखाला धरणारा दांडा काढून टाकला आणि त्याच वेळी पीळ घालणारा हात बळकट केला! सरळ रेषेत शर्यती खेळणाऱ्या तरुणांना याचा प्रत्यय लगेच आला. हिरवा दिवा लागला की मोटार पळण्याऐवजी उड्या मारी.

त्यांनी घरच्या वेल्डिंगवर उत्तर शोधले: अ‍ॅक्सलपासून चासिसपर्यंत एक दांडा. कोणी कमानीच्या खालून जाणारा आखूड दांडा लावला, ज्याच्या पुढच्या टोकाचा रबरी ठोकळा पीळ चढताच कमानीच्या पुढच्या डोळ्याखाली टेकतो. कोणी शिडीच्या आकाराचे लांब दांडे लावले. १९६५ च्या शेल्बी जीटी ३५० या मोटारीत तर असे दांडे कारखान्यातूनच बसवून येत. नवे नाव ट्रॅक्शन बार. काम मात्र मॉडेल टी च्या तिरप्या दांड्यांचेच.

१४/
आजचा प्रसंग. जुनी जीप किंवा पिकअप घ्यावी, ती उंच करावी, मोठे टायर चढवावेत आणि चिखलात उतरवावी, ही हौस विदर्भातही पोहोचली आहे. उंची वाढवण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे जीपमध्ये अ‍ॅक्सलखालून जाणारी कमान अ‍ॅक्सलच्या वर बसवणे. पिकअपची कमान आधीच वर असेल, तर अ‍ॅक्सल आणि कमान यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालतात.

गणित मांडून पाहावे. चाकाचा रेटा जमिनीपाशी लागतो आणि गाडीला पोहोचतो तो कमानीच्या उंचीवर. या दोहोंतील उभे अंतर ही पीळ घालणारी तरफ. समजा चाकाची त्रिज्या ३६ सेंटिमीटर आहे आणि कमान आखाच्या मध्यापासून ७ सेंटिमीटर खाली. तरफ झाली २९ सेंटिमीटरची. तीच कमान आखाच्या ७ सेंटिमीटर वर नेली तर तरफ ४३. त्यात ४० सेंटिमीटर त्रिज्येचे टायर चढवले तर ४७. इंजिन तेच, कमान तीच, पकडही तीच धरली, तरी पीळ दीडपटीहून अधिक. मोठे टायर चिखलात अधिक पकडत असतील, तर त्याहून जास्त. ज्या जीपने अर्धे शतक पाटा मोडला नाही, ती उंच होताच का मोडू लागते, ते या तीन आकड्यांत आहे.

१५/
मग दांडा बनवायचा कसा? हा भाग इतिहासात बसतो, कारण येथे प्रत्येक चूक कोणीतरी पूर्वी केलेली आहे.

सर्वांत सामान्य चूक म्हणजे दोन्ही टोके घट्ट बांधलेला सरळ दांडा. तो पीळ थांबवतो, पण त्याबरोबर कमानीलाही जखडतो. अ‍ॅक्सल वर-खाली होताना एका कंसात फिरतो. त्या कंसाचा मध्य कमानीच्या पुढच्या डोळ्याच्या आसपास असतो. दांड्याचा स्वतःचा कंस निराळा. दोन कंस जुळले नाहीत की एक दुसऱ्याला ओढतो, आणि शेवटी ब्रॅकेट फाटते किंवा चासिसला तडा जातो. पाटा वाचवण्याच्या नादात चासिस गमावणे हा फार महाग सौदा.

टिकलेली रचना अशी: अ‍ॅक्सलच्या कवचावर दांडा दोन ठिकाणी धरायचा, एक आखाच्या वर आणि एक खाली. हे दोन बिंदू जितके दूर, तितकी पिळावर पकड चांगली. तेथून दोन नळ्या पुढे येऊन एका टोकाला मिळतात; लांबट त्रिकोण तयार होतो. पुढचे ते एकच टोक चासिसला थेट बांधायचे नाही. मध्ये झुलता शॅकल द्यायचा. अ‍ॅक्सलला फिरायचे झाल्यास सबंध त्रिकोणाचे टोक उचलावे किंवा दाबावे लागते, आणि उभा शॅकल ते होऊ देत नाही. मात्र कमान दबून अ‍ॅक्सल थोडा मागे सरकला, तर शॅकल मागे-पुढे झुलून त्याला वाट देतो. वजन कमानीचे, पीळ दांड्याचा. मॉडेल टी ची नळी आणि १८०४ च्या बग्गीची कमान यांचा हा समेट म्हणता येईल.

दांडा शक्य तितका लांब असावा. लांबी वाढली की पुढच्या टोकावरचा जोर घटतो. जाड भिंतीची सीमलेस नळी घ्यावी, पाण्याच्या पाइपाने हे काम होत नाही. शॅकल सर्वसाधारण स्थितीत उभा राहील असे मोजून घ्यावे. बुश रबराचे किंवा पॉलियुरेथेनचे, कारण एक चाक खड्ड्यात आणि एक दगडावर असताना दांड्याला थोडे मुरडताही आले पाहिजे. अ‍ॅक्सलच्या कवचावर सलग वेल्डिंग केल्यास ते उष्णतेने वाकते; म्हणून थोडे थोडे, जागा बदलत, थंड होऊ देत टाके मारावेत. ट्रकचा चासिस विशेष तापवून कणखर केलेल्या पोलादाचा असेल, तर त्यावर वेल्डिंग टाळून ब्रॅकेट बोल्टांनीच बसवतात. एकच दांडा लावायचा तर तो गोळ्याच्या जवळ, कारण पीळ तेथूनच उगम पावतो.

दांडा लावल्यावर कमान हलकी ठेवता येते, हा त्याचा खरा लाभ. पाटे वाढवून मिळणारी ताठरता येथे लागत नाही. खड्ड्यात ती मऊ राहते आणि चिखलात सरळ राहते.

१६/
कायद्याची बाजू दोन वाक्यांत सांगून संपत नाही, तरी टाळताही येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ वाहनात मूळ तपशिलाहून वेगळा फेरफार करण्यावर बंधन घालते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कठोरपणे लावला. उंची आणि टायर बदललेली जीप सार्वजनिक रस्त्यावर आणणारा मालक या कलमाच्या कक्षेत येऊ शकतो. ट्रॅक्शन बारने पाटा वाचेल, नोंदणीचा प्रश्न सुटणार नाही. अनेक तरुण नेमके उलट समजतात: दांडा लावला म्हणजे गाडी ‘पूर्ण’ झाली.

१७/
जुन्या जीपची दुरुस्ती करणाऱ्यांसाठी एक शेवटची खूण. चाळीसच्या दशकातील विलीज उघडताना डाव्या पुढच्या कमानीखाली आखूड पाट्यांचा जोड आढळला, आणि उजवीकडे तसे काहीच नसले, तर ती कोणा मिस्त्रीची वाढवलेली कमान समजून भंगारात टाकू नये. गंज घासावा, मधला बोल्ट तपासावा आणि तो जोड होता त्याच बाजूला पुन्हा बसवावा.